घरशाळा, ऑनलाइन तास आणि गावातली शिकवणी: बेळगाव सीमाभागातल्या पालकांसाठी

मुलाला घरी शिकवायचं मनात आलं की पालक आधी विचारतात, "कुठलं ॲप घेऊ?" हा प्रश्न शेवटी विचारायचा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरात पहिला प्रश्न कागदाचा असतो. दहावी कुठल्या बोर्डाची? कुठल्या भाषांत? पुढं कॉलेजची जागा कर्नाटकात मागायची की महाराष्ट्रात? याचं उत्तर मूल दहा वर्षांचं असतानाच द्यावं लागतं. ते न देता घरशाळा सुरू केली तर शिकवणं उत्तम होईल, पण सतराव्या वर्षी फॉर्म भरताना एका दाखल्यापायी सगळं अडेल. म्हणून या लेखात आधी कागद आणि मग शिकवणं, असाच क्रम ठेवला आहे.

कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, आणि तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम 10 मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, मात्र न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरशाळेला परवानगी देणारी किंवा तिची नोंद करणारी तरतूदही त्यात नाही. अपवाद एकच: 2012 च्या दुरुस्तीनं तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा पर्याय स्पष्टपणे दिला. तुमचं मूल त्यात बसत असेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात जाऊन तशी मागणी करा. तो हक्क आहे, तिथं विनवण्या करायचं कारण नाही.

बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवावं की शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तुमच्या दारात कुणीतरी येणार. भागाचे सीआरपी (शाळांच्या समूहाचे शिक्षण खात्याचे समन्वयक) असतील नाहीतर जवळच्या सरकारी शाळेतले गुरुजी. त्यांच्याशी वाद घालू नका. चहा द्या आणि मुलाची फाईल पुढं ठेवा. फाईलीत काय असावं ते पुढं सांगतो.

परतीची वाटही कायद्यानं उघडी ठेवली आहे. कलम 4 प्रमाणे 14 पर्यंतच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवायला हवं, आणि कलम 5 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकांना हे ठाऊक असतंच. तरी बोलताना कलमाचा आकडा सहज तोंडातून गेला की काम लवकर होतं.

दहावीपासून मागं मोजा

वाटा मुख्यतः तीन.

पहिली, शाळेतून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी. मराठी माध्यमातून बसलात तर पहिली भाषा मराठी, 125 गुणांची; बाकी पाच विषय शंभराचे, एकूण 625. दुसरी, तीच एसएसएलसी पण खासगी विद्यार्थी म्हणून. त्यासाठी 15 वर्षं पूर्ण लागतात. तिसरी, एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा. घरशाळेवाल्यांना ही सगळ्यात सोयीची, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

एनआयओएसच्या दहावीला 14 वर्षं पूर्ण लागतात. मागच्या शाळेचा दाखला नसला तरी 'मी या पातळीचा अभ्यास केला आहे' असं स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालतं. किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा. हवे तर आणखी दोन जास्तीचे घेता येतात. मराठी माध्यम आहे, मराठी आणि कन्नड हे भाषाविषयही आहेत. उत्तीर्णतेला 33 टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळं विषय सुटे सुटे काढता येतात. यंदा मराठी आणि सामाजिक शास्त्र, पुढच्या खेपेला गणित, असं. घरी करायच्या स्वाध्यायांना 20 टक्के गुण आहेत आणि ते वेळेत न दिल्यानं हातचे जातात. लहान मुलांसाठी याच संस्थेचे अ, ब, क असे स्तर आहेत. ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. पुढं पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजला जाताना एनआयओएसचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, ते निकालाबरोबरच मागून घ्या.

महाराष्ट्र बोर्डाच्या सतरा नंबरच्या, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बसायच्या फॉर्मचं नाव आपल्याकडं वरचेवर निघतं. तो त्या राज्याच्या बोर्डाचा आहे. पाहुण्याचा पत्ता लावून भरण्याच्या भानगडीत पडू नका. विचारायचंच असेल तर थेट कोल्हापूर विभागीय मंडळात विचारा.

आता खरी मेख. इथं चार गणितं आहेत आणि ती कुठल्याही ऑनलाइन कंपनीचा माणूस तुम्हाला सांगणार नाही, कारण तो बेळगावचा नसतो.

एक: कर्नाटकच्या सीईटीतून (सामायिक प्रवेश परीक्षेतून) इंजिनिअरिंग वगैरेची सरकारी जागा हवी तर साधारण नियम असा की पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण झालेलं असावं, आणि त्याचा अभ्यास दाखला शाळेकडून घेऊन त्यावर बीईओंची सही लागते. बारातून सात गेले, उरले पाच. म्हणजे निश्चिंतपणे घरी शिकवायला तुमच्याकडं पाच वर्षं आहेत. पहिली ते चौथी घरी आणि पाचवीपासून शाळा, हे बसतं. दुसरी ते आठवी घरी, हे बसत नाही.

दोन: त्याच सीईटीत ग्रामीण आरक्षण घ्यायचं तर पहिली ते दहावी, दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. येळ्ळूर, कडोली, जांबोटीच्या मुलाचं एक वर्ष जरी सुटलं तरी ते आरक्षण गेलं.

तीन: महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी पात्रता आहे. तिथं दहावी-बारावी याच भागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली असणं आणि मातृभाषा मराठी असणं बघतात; दोन्हीची प्रमाणपत्रं लागतात. महाराष्ट्राचा दावा असलेल्या 865 गावांच्या यादीत आपलं गाव आहे का ते आधी पाहून घ्या. एनआयओएसचं केंद्र पुण्याला घेतलंत तर ही पात्रता अडचणीत येईल.

चार: नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीला बसायचं तर तिसरी, चौथी, पाचवी पूर्ण वर्षं मान्यताप्राप्त शाळेत आणि पाचवी त्याच जिल्ह्यात लागते. ज्यांच्या डोक्यात नवोदय आहे त्यांनी या तीन वर्षांत शाळा सोडू नये.

नियमांची पुस्तिका दरवर्षी नव्यानं निघते, ती त्या-त्या वर्षी वाचावीच लागते. पण आराखडा या चौकटीत बसवलात तर धक्का बसत नाही. माझं मत विचाराल तर या जिल्ह्यात चौथीपर्यंत घर, पाचवी ते दहावी शाळा आणि तिला घर-ऑनलाइनची जोड, ही मांडणी बहुतेकांना झेपते. पूर्ण घरशाळा आणि एनआयओएस ही वाट खेळाडू, गाण्याच्या मागं लागलेली, आजारी किंवा शाळेत खरंच कोमेजणारी मुलं यांच्यासाठी. आणि पुढं डॉक्टर-इंजिनिअरच्या सरकारी जागेचा हट्ट नसलेल्या घरांसाठी.

कोण काय शिकवणार

एका कागदावर तीन रकाने आखा: घर, ऑनलाइन, प्रत्यक्ष. मग प्रत्येक विषय एकाच रकान्यात लिहा. एक विषय दोघांकडं दिला की दोघंही तो दुसऱ्यावर ढकलतात.

मराठी वाचन-लेखन घरीच. पाचवीपर्यंतचं गणितही घरी, कारण पाढे आणि हातचे रोज दहा मिनिटं घोटावे लागतात आणि त्याला बाहेरचा माणूस परवडत नाही.

कन्नड प्रत्यक्षच, आणि घरशाळेच्या पहिल्या वर्षापासून. 2015 च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानं राज्यातल्या शाळांत कन्नड सक्तीचं झालं, सीबीएसईच्याही. चौथीपर्यंत कन्नड अक्षर न पाहिलेलं मूल पाचवीत शाळेत गेलं तर पहिल्याच चाचणीत मान खाली घालतं. सीमाप्रश्नावर तुमची मतं काहीही असोत, ती मुलाच्या गुणपत्रिकेवर काढू नका. शहापूर, वडगाव, अनगोळकडं गल्लीत एखाद्या निवृत्त कन्नड बाई असतातच, "बाई, आठवड्यातनं तीन दिवस अर्धा-अर्धा तास बसवून घेता काय?" म्हटलं की त्या शक्यतो नाही म्हणत नाहीत. ऑनलाइन कन्नड बहुधा बेंगळुरूच्या वळणाचं असतं. आपल्या बाजारात कानावर पडतं ते 'हौद्री', 'बर्री'वालं. मुलाला दोन्ही कळायला हवीत, पण बोलायला आधी बाजारातलं येतं.

इंग्रजी संभाषण आणि सातवीपुढचं गणित-विज्ञान ऑनलाइन द्यायला हरकत नाही, विशेषतः खानापूरच्या पश्चिमेला, जिथं त्या विषयाचा शिक्षक गाठायचा म्हणजे बसचा प्रवास. आठ वर्षांखालच्या मुलाला मात्र स्क्रीनवरचा वर्ग लावू नका. तो वर्ग खरं तर शेजारी बसलेली आईच करत असते, फी कंपनी घेते.

पुस्तकांचा घोळ आधीच मिटवा. कर्नाटकची मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं वेगळी, बालभारतीची वेगळी. दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतात, म्हणून पालक दोन्ही उतरवून घेतात आणि धडे सरमिसळ करतात. दोन्हीकडं घटकांचा क्रम सारखा नसतो. एसएसएलसी करायची असेल तर कणा कर्नाटकच्या पुस्तकाचा ठेवा आणि बालभारतीचं मराठी अवांतर वाचनाला घ्या. एनआयओएसवाल्यांना त्यांची स्वतःची पुस्तकं मिळतात, त्यांनी शेवटची दोन वर्षं तीच धरावीत.

शाळेशी बोलणं

शाळेकडून सगळंच घ्यावं लागत नाही, थोडंही घेता येतं. प्रयोगशाळा, मैदान, वाचनालय, चाचणीच्या प्रश्नपत्रिका. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी प्रयोगशाळा रिकामी. मुख्याध्यापकांकडं जाताना नेमकी मागणी घेऊन जा: "सर, मुलगी आठवीच्या पातळीचं विज्ञान घरी करत्येय. शनिवारी बारानंतर दीड तास तुमच्या विज्ञानाच्या सरांबरोबर प्रयोग करू दिले तर बरं होईल. साहित्याचा खर्च आणि सरांचं मानधन आम्ही देऊ, पावती करा." अशी मागणी बहुधा मान्य होते. 'आमच्या मुलीला थोडं मार्गदर्शन करा' म्हणालात तर सर मान डोलावतील आणि विसरतील.

ठरलं की एक पानाचं पत्र करा: वार, वेळ, विषय, फी, सुट्टीत काय, इजा झाली तर जबाबदारी कुणाची. दोन्हीकडच्या सह्या.

एक गोष्ट मात्र करू नका. काही ठिकाणी 'नाव इथं ठेवा, मूल घरी राहू दे, हजेरी आम्ही बघतो' असं सुचवलं जातं. एसएसएलसीला 75 टक्के हजेरी लागते, आणि खोटी हजेरी उघडी पडली तर शाळेचं थोडं आणि मुलाचं जास्त नुकसान होतं. शाळेत नाव आहे तर मूल शाळेत गेलं पाहिजे. घर आणि ऑनलाइन सकाळ-संध्याकाळी.

ऑनलाइन वर्ग पारखताना

जाहिरातीत 'स्कूल' लिहिलेलं असलं म्हणजे ती शाळा होत नाही. पहिला प्रश्न: प्रमाणपत्रावर सही कुठल्या बोर्डाची? उत्तरात 'आम्ही एनआयओएसची तयारी करून घेतो' असं आलं तर ती शिकवणी आहे, आणि फी शिकवणीच्या हिशेबानंच द्यायची. एनआयओएसची नोंदणी तुम्ही स्वतः करा, लॉगिन आणि पासवर्ड तुमच्या वहीत असू द्या.

मग विचारा: वर्गात मुलं किती? शिक्षक थेट शिकवतो की चित्रफीत लावतो? शंका मराठीत विचारली तर समजेल का? सोडायचं झालं तर पैसे किती दिवसांत परत? वर्षाची फी एकदम भरू नका, आणि हप्त्यांच्या नावाखाली तुमच्या नावावर कर्ज काढलं जात नाही ना, ते सही करण्याआधी वाचा. फोनवरचा माणूस 'आजच भरलं तर सवलत' म्हणाला की फोन ठेवा. ती सवलत उद्याही असते.

चाचणी वर्ग मे महिन्यात घेऊन फसू नका. जुलैत, संध्याकाळी सातला, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात घ्या. हेस्कॉमची लाईट गेली की वायफाय जातं, थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो. म्हणून पावसाळ्याच्या महिन्यांसाठी आधीच ठरवा: दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, राउटरला छोटा बॅकअप आणि वर्ग नंतर उतरवून पाहण्याची सोय. ती सोय नसेल तर तो वर्ग आपल्या कामाचा नाही.

दिवस कसा बसवायचा

समजा खानापूर तालुक्यातली अकरा वर्षांची मुलगी, पूर्ण घरशाळा. सकाळी साडेसात ते पावणेनऊ गणित आणि पाढे, आई किंवा आजोबांबरोबर. मग न्याहारी, घरातलं एक ठरलेलं काम. साडेनऊ ते अकरा विज्ञान किंवा समाज, पुस्तकातून. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत अर्धं पान लिहायचं. दुपारी जेवण, झोप, गोष्टीचं पुस्तक. चारला कन्नड बाईंकडं, तिथूनच मैदानावर. संध्याकाळी इंग्रजीचा ऑनलाइन तास, आठवड्यातून तीनदाच. एकूण अभ्यास चार तासांच्या आत. शाळेचे सहा तास घरी भरायला जाऊ नका. वर्गातला बराच वेळ हजेरी, रांगा आणि गप्प बसवण्यात जातो.

घरशाळा म्हटली की ती मुकाट्यानं आईच्या अंगावर पडते. वडिलांनी निदान एक विषय आणि रविवारची सकाळ आपल्या नावावर लिहून घ्यावी, आणि ते रकान्यात दिसावं.

सुट्ट्यांचं एक सुख आहे. इथल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते आणि दिवाळीत मामाच्या गावाला, कोल्हापूर-सांगलीला, जायचं तर शाळा बुडते. घरशाळेत दिवाळी पूर्ण घ्या. मात्र कन्नड बाई आणि मैदानावरची मुलं दसऱ्याला सुट्टीवर असणार, तेव्हा त्या आठवड्यात फिरायला निघा.

फिरणं म्हणजे धडाच. गोकाकचा धबधबा सुमारे 52 मीटरचा. आठवी-नववीच्या मुलाला काठावर उभं करून विचारा, वरून सुटलेलं पाणी खाली पोचायला किती वेळ? सूत्रानं उत्तर सव्वातीन सेकंदांच्या आसपास येतं. मग हातात घड्याळ द्या आणि फांदी किंवा फेसाचा पुंजका नजरेनं धरून मोजू द्या; उत्तर जुळत नाही, आणि का जुळत नाही यावर हवेच्या विरोधाचा धडा आपोआप निघतो. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनाची, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते. तिचा घेर पावलांनी मोजून व्यास काढता येतो. किल्ल्यातली कमल बस्ती आणि हलशीची देवळं इतिहासाला आहेतच.

फाईल

जाड पुठ्ठ्याची एक फाईल, पुढच्या कप्प्यात कागद: जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, मुलाचा सॅट्स क्रमांक (कर्नाटकच्या शिक्षण खात्यातला विद्यार्थी नोंदणी क्रमांक), जात-उत्पन्न दाखले. यातलं नावाचं लिखाण एकदा डोळ्यांत तेल घालून तपासा. जन्मदाखला कन्नडमध्ये, जुना दाखला मराठीत, आधार इंग्रजीत; तीन लिप्यांत जाता जाता एखादा 'पाटील' 'पाटिल' होतो, आईचं नाव माहेरचं राहतं, आडनाव आधी की नंतर यात घोळ होतो. एनआयओएस किंवा एसएसएलसीच्या नोंदणीआधी इंग्रजी लिखाण एकच करून घ्या. नंतर दुरुस्तीला प्रतिज्ञापत्रं, फेऱ्या आणि संयम लागतो.

मागच्या कप्प्यात अभ्यास: दर महिन्याचं एक पान, काय शिकवलं, कुणी, किती तास. प्रत्येक विषयाचा एक तारीख घातलेला स्वाध्याय. शिकवणी आणि शाळेच्या पावत्या, ऑनलाइन वर्गाचे अहवाल. तिमाहीला एखाद्या ओळखीच्या शाळेची प्रश्नपत्रिका आणून घड्याळ लावून सोडवून घ्या आणि ती घरच्यांनी तपासू नये. कन्नड बाई किंवा विज्ञानाच्या सरांनी तपासावी. घरचा माणूस अर्धा गुण हमखास वाढवतो.

दर मार्चला

मार्चच्या शेवटी घरातल्यांनी, मुलासकट, बसून तीन गोष्टी पाहायच्या: मूल वयाच्या वर्गापेक्षा कुठल्या विषयात मागं आहे, खर्च झेपतोय का, आणि त्याला समवयस्क मित्र आहेत का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर पहिली दोन कितीही चांगली असोत, मी त्याला शाळेत परत पाठवेन.

परतायचं ठरलं तर एप्रिल गाठा. कर्नाटकातल्या शाळा मेच्या अखेरीला, जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रापेक्षा पंधरवडाभर आधी. कोल्हापूरच्या नातेवाइकांच्या वेळापत्रकावर राहिलात तर इथले वर्ग भरलेले असतात. फाईल घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, कुठल्या वर्गात बसवणार ते लेखी घ्या, जुना सॅट्स क्रमांकच पुढं चालू करायला सांगा; नवा क्रमांक काढला तर मागची वर्षं तुटतात आणि सीईटीची सात वर्षं मोजताना ती जोडत बसावी लागतात. मे महिनाभर कन्नडची शिकवणी रोज ठेवा.

घरीच राहायचं ठरलं तर एनआयओएसच्या प्रवेशाच्या तारखा पाहून घ्या, ऑनलाइन वर्गाचा करार संपत असेल तर नवीन चाचणी वर्ग जुलैसाठी राखून ठेवा, आणि तीन रकान्यांचा कागद नव्यानं लिहून भिंतीला लावा.